दीड इंच

ताईच्या पत्राला त्याने उत्तर दिलंच नव्हतं. पत्र आलं तेव्हा वर्कशॉपच्या खिडक्या उकाड्याने सताड उघड्या असायच्या. आता त्याच खिडक्या घट्ट लावून, भरदुपारी दिवा लावून तो काम करत होता, आणि उत्तर अजून डोक्यातच होतं.

पत्र लहानसंच होतं. ताईचं अक्षर एके काळी छापल्यासारखं. या पत्रात मात्र अक्षरं एकमेकांच्या अंगावर रेलली होती आणि ओळी खाली घसरल्या होत्या.

‘छोट्या, बोटं आखडली. करंगळी तर आता नुसती शोभेला आहे. पहिल्या तीन-चार फ्रेटांवर हात पसरतच नाही. डॉक्टर म्हणतात, हे वाढतच जाणार. मला जरा आखूड मापाची गिटार करून देशील? पण आवाज माझाच हवा. जुन्या गिटारीचा. ती धडधड्याबरोबर पाठवते आहे, मापं घे. होईल की नाही, एवढंच कळव. फोन करू नकोस. फोनवर तू मला खूश करायला काहीही बोलतोस. कागदावर तुला थापा मारता येत नाहीत.’

ती गिटार त्यानेच घडवलेली. ताई तिच्यावर हॉटेलातल्या बँडमध्ये दर शनिवारी वाजवायची. तिची पहिली तार छेडली गेली की जेवणारी माणसं हातातला चमचा खाली ठेवायची. घंटेला असते तशी त्या सुराला एक टणक कड होती.

आणि या कडेचं मूळ कशात आहे हे त्याला नको इतकं ठाऊक होतं. गिटारीच्या डोक्याशी हाडाची एक बारीक पट्टी असते, तिथून तार निघते आणि खाली गिटारीच्या अंगावर बसवलेल्या ब्रिजवर टेकते. मधे जेवढी मोकळी तार, तेवढं गिटारीचं माप. ताईच्या गिटारीचं माप साडेपंचवीस इंच होतं. लांब तार त्याच सुराला आणायची तर जास्त ताणावी लागते. ताणली की ती खणखणते. माप आखूड केलं तर फ्रेट, म्हणजे गळ्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, जवळजवळ येतात, तारही सैल पडते आणि बोटाखाली लोण्यासारखी दबते. पण मग आवाजाची धार जाते. तो गोल होतो, मऊ होतो आणि सगळ्यांत जाड तार तर बोळक्या तोंडाने बोलल्यासारखी बोलते.

म्हणजे उत्तर ‘नाही’ होतं. पत्र वाचलं त्याच दिवशी. पण ताईला ‘नाही’ लिहायचं त्याच्या जिवावर आलं. आधी करून तर बघू, आपल्यालाच काही कळत नसेल, अशी त्याने स्वतःची समजूत घातली.

जुन्या गिटारीच्या फळीचा उरलेला तुकडा त्याने जपून ठेवला होता. त्यातून नवं अंग कापलं. गळा चोवीस इंच मापाचा घडवला. तारांचा आवाज टिपणारे पिकअप तसेच, रंगही तोच. गिटार तयार झाल्यावर त्याने धडधड्याला बोलावलं. हा ताईच्या बँडमधला ड्रमवाला. पाठीला पाठ लावून बसवला आणि दोन्ही गिटारींवर एकच धून वाजवली.

“ही ताई,” धडधड्या म्हणाला. “आणि दुसरी ताईची चुलत बहीण. स्वभावाने गरीब दिसते.”

“फार फरक आहे?”

“रंध्या, तू मला विचारतोस? मी तीस वर्षं ढोल बडवून अर्धा बहिरा झालोय, तरी मला कळलं. तिला कळायचं राहील?”

बँडमध्ये सगळे त्याला रंधाच म्हणत.

मग त्याला झपाटल्यासारखं झालं. पिकअप ब्रिजच्या दिशेने केसभर सरकवला. ब्रिज बदलून पितळी बसवला. शेवटी जाड तारांचा संच आणला. जाड तार त्याच सुराला आणायला जास्त ताणावी लागते, म्हणजे माप आखूड करून गमावलेला ताण परत मिळवता येतो. जेवणाला बायकोने तीन हाका मारल्या तरी तो उठला नाही. जाड तारा चढवून सुरात लावल्या, तार छेडली आणि त्याच्या अंगावर काटा आला. ती कड परत आली होती! अगदी हुबेहूब नसेल, पण दहा जणांत ओळखू येईल अशी.

धडधड्या पुन्हा पाठमोरा बसला. या वेळी धून संपल्यावर तो म्हणाला, “ताई. दोन्हीकडे ताईच. कसं केलंस रे?”

इतक्या महिन्यांनी त्याला कडकडून भूक लागली. त्या आनंदात त्याने नवी गिटार बायकोच्या मांडीवर ठेवली. “बघ, धर जरा. ताईला अशी धरता येईल.”

बायकोला गिटारीतलं काही येत नव्हतं. तिने माणूस फळ दाबून बघतो तशी पहिल्या फ्रेटशी तार दाबली, मग दुसरी, आणि बोट झटकलं.

“अहो, ही तर बोचते.”

“सवय नाही तुला.”

“नसेल. पण त्या जुनीच्या तारा दाबा बरं.” तिने भिंतीला टेकवलेली ताईची गिटार ओढून घेतली आणि तिच्या तारा दाबल्या. “तितकीच बोचते. काय फरक केलात तुम्ही?”

धडधड्या हसायला गेला आणि मधेच थांबला.

मग रंध्याने स्वतः दाबून पाहिलं. तार दगडासारखी होती. फ्रेट जवळ आले होते खरे, हात पसरावा लागला नसता. पण हा ताण दाबायला जी बोटं लागतात ती ताईकडे उरली असती तर तिने पत्र कशाला लिहिलं असतं? आवाजामागे धावता धावता गिटार कुणासाठी चालली आहे हेच तो विसरला होता. बोटांना जो सैलपणा हवा, तोच सैलपणा आवाज खात होता. ती दोन दुखणी नव्हतीच. एकच होतं.

“बोला ना काहीतरी,” बायको म्हणाली.

“काय बोलू?”

“मला नका सांगू. तिला सांगा. होय की नाही, एवढंच विचारलं होतं बिचारीने.”

धडधड्याने घसा खाकरला. “रंध्या, एक सांगायचं होतं. आल्या आल्याच सांगणार होतो, पण तू इतका खुशीत होतास… ताईने बँड सोडला. तुझं काहीच आलं नाही, म्हणजे नाहीच, असं तिने धरलं. म्हणाली, छोट्याला जमण्यासारखं असतं तर तो नाचत आला असता. शनिवारी आता दुसरा पोरगा वाजवतो.”

“कसा वाजवतो?”

“जेवणारे जेवत असतात.”

धडधड्या गेल्यावर तो दोन गिटारींच्या मधे स्टुलावर बसून राहिला. ताईने काही महिने दारावरच्या पेटीत हात घालून पाहिलं असेल. वाजवायला घरात काही नाही, कारण तिची गिटार इथे, त्याच्या भिंतीला टेकलेली. ‘नाही’ म्हणायला नको म्हणून त्याने एवढा खटाटोप केला, आणि त्याचं ‘नाही’ तिला केव्हाच पोचलं होतं, तेही त्याच्याकडून एक शब्द न येता.

त्याने जाड तारा उतरवल्या आणि बारीक चढवल्या. आवाज पुन्हा चुलत बहिणीचा झाला. मऊ, गोल, कुणाचाच नसलेला. बोटाखाली मात्र लोणी.

मग तो लिहायला बसला. पहिले दोन कागद त्याने फाडले, कारण दोन्हींत तो सबबी सांगत होता. तिसऱ्यावर लिहिलं:

‘ताई, नाही होणार. सोपी केली की तुझा आवाज जातो, आणि आवाज आणला की ती पुन्हा जुनीइतकीच कठीण होते. सगळे उपाय करून पाहिले. हे तुला पहिल्याच आठवड्यात कळायला हवं होतं. तुझी गिटार परत पाठवतो आहे. सोबत आखूड मापाचीही पाठवतो. ती तुझी बोटं ओळखेल, पण तू तिला ओळखणार नाहीस. नको असेल तर तसंच सांग.’

“पाठवू का ती दुसरी? की वाईट दिसेल?” त्याने बायकोला विचारलं.

“आता तेही तुम्हीच ठरवणार का तिच्यासाठी?” ती म्हणाली आणि पाकिटावर तिकीट चिकटवून त्याच्या हातात दिलं.

कोपऱ्यावरच्या पेटीपर्यंत तो चालत गेला. त्याला एकदा वाटलं, ‘नाही होणार’च्या जागी काहीतरी मवाळ लिहायला हवं होतं. त्याने पाकीट फटीत ढकललं. ते अर्ध्यात अडकलं, तेव्हा बोटाने आत लोटून दिलं.