विनयाचा मफ

विनयाचे कान माझ्यामुळे जायची वेळ आली होती. कारण काय, तर सभ्यपणा.

सत्त्याण्णव साल. लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये आम्ही राहायचो. आमचे वडील भाऊसाहेब केंद्र सरकारात सेक्शन ऑफिसर. मुलगा कलेक्टर होईल या आशेवर त्यांनी दिल्ली सोडली नाही. मुलगा म्हणजे मी, श्रीपाद. मी गुडगावच्या कारखान्यात पॉवर प्रेसवर मोटारींचे पत्रे ठोकत होतो. नव्या मोटारी, नवे फ्लॅट, सगळीकडे नवंनवं. आम्हाला कानात घालायचे प्लग मिळायचे ते फक्त परदेशी पाहुणे कारखाना बघायला यायचे त्या दिवशी. पाहुणे गेले की प्लग परत कपाटात, कपाटाला कुलूप.

धाकटी विनया कॉलेजच्या नेमबाजी संघात शिरली. सरांनी सांगितलं, रायफल चालवताना कानात कापूस घाला. आईला पटलं. दिल्लीच्या थंडीत आम्ही सगळेच कापसाचे बोळे घालून हिंडायचो.

"कापूस थंडीला असतो, आई. गोळीला नाही," मी ओरडलो. "कानांवर चढवायचा मफ लागतो. मी आणतो."

असलं सामान मिळायचं जी. बी. रोडला. खाली पंप, पाइप, नटबोल्ट, हातमोजे. वर वेश्यांचे कोठे. चांगल्या घरातल्या माणसाने बहिणीला तिथे न्यायचं नसतं. मी एकटा गेलो.

दुकानदाराने माझ्या डोक्यावर एक मफ चढवला, मागे जाऊन पाइपवर हातोडी मारली.

"सुना?"

"हल्का सा."

दुसरा चढवला. पुन्हा हातोडी. मफ काढून त्याने विचारलं, "अब?"

"बिल्कुल नहीं."

"बस, यही ले जाओ भाईसाब. एक नंबर!"

विनयाने घरी चष्म्यावरून घालून आरशात पाहिलं. "दादा, मी टेलिफोन ऑपरेटर दिसतेय."

रविवारी ती तुघलकाबादच्या रेंजवरून आली आणि जेवताना सारखी कान चोळत होती. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "काही नाही रे. कानात बारीक शिट्टी वाजतेय. पंखा बंद केला तरी थांबत नाही."

घास माझ्या हातातच राहिला. ती शिट्टी मला ठाऊक होती. दीड वर्ष माझ्या डाव्या कानात तीच वाजत होती. घरात सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर भाऊसाहेब म्हणाले असते, म्हणून सांगत होतो परीक्षेला बस.

जेवण झाल्यावर ती गॅलरीत माझ्यापाशी आली. "दुकानात तू मफ घालून बघितलास ना?"

"बघितला की. काहीच ऐकू आलं नाही."

तिने मनगटावरचं घड्याळ काढून माझ्या उजव्या कानाशी धरलं.

"टिकटिक येतेय?"

"हो."

ती डावीकडे आली. मी वाट बघत उभा.

"धर ना," मी म्हणालो.

"दादा, धरलंय."

मला वाटलं आता चिडेल. तिने घड्याळ मुठीत घट्ट धरलं. "कधीपासून?"

"दीड वर्ष."

"आणि त्या कानाने माझा मफ निवडलास?"

"दुसराही फार शहाणा नाही."

ती हसली, आणि हसताना रडायला लागली.

सकाळी तिची शिट्टी थांबली. पण शनिवारी पुन्हा रेंज, त्यात स्पर्धेच्या संघाची निवड. ती म्हणाली, "यावेळी मफ आणायला मी येणार."

"तिथे नाही."

"का? वरच्या बायकांना बघून माझे कान जातील?"

गुरुवारी दोघं गेलो. तिला बघून दुकानदार गडबडला, स्टूल पुसायला लागला. विनया बसली नाही. एकेक मफ चढवायची, हातोडी मारायला लावायची, चष्मा काढून पुन्हा मारायला लावायची. शेवटी जुना मफ पुढे टाकला.

"दादा, बघ. चष्म्याची काडी मफच्या उशीखाली फट पाडते. आवाज तिथून शिरतो."

माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं. मला चष्मा नाही. तिने जाड, मऊ उशीचा मफ घेतला, शिवाय मफच्या आत घालायला फोमचे प्लग. पाकिटावरची चित्रं बघून प्लग बोटांत वळून बारीक केला, डोक्यावरून हात नेऊन कान वर ओढला, प्लग आत सारला आणि फुगेपर्यंत बोटाने दाबून धरला. मग तेच माझ्या दोन्ही कानांना केलं, भर रस्त्यावर.

"डावा तर गेलाच आहे," मी म्हणालो.

"सगळा नाही गेलेला. गप्प उभा राहा."

वरून एका बाईने हाक मारली. मला ऐकू आली नाही, विनयाची मान वर गेली म्हणून कळलं. मी प्लग काढले.

"ए चश्मेवाली! ये क्या खरीदा?"

"बंदूक चलाती हूँ, दीदी. कान के लिए है."

"अच्छा? तो एक गोली हमारे सेठ के लिए भी रख ले!" बाई खदखदून हसली. विनयाही हसली. मी पायाकडे बघत होतो. मग स्वतःचीच लाज वाटून वर पाहिलं.

शुक्रवारी प्रेसवर मी प्लग घातले. फोरमन म्हणाला, "मेमसाहब बन गया क्या?" मी म्हणालो, "बहरा बन रहा हूँ. आधा हो गया, आधा बचाना है." कपाटाची किल्ली त्याच्या खिशात होती.

शनिवारी रेंजवर मी मागच्या बाकावर बसलो. चाळीस गोळ्या. प्रत्येक गोळीला माझी बोटं बाकाच्या कडेवर आवळायची. संघात तिचं नाव राखीवमध्ये लागलं. ती मफ काढत माझ्याकडे आली.

"शिट्टी?" मी विचारलं.

तिने बोट वर करून मला थांबवलं. डोळे मिटून ऐकत राहिली.

"नाही," ती म्हणाली. "मोर ओरडतोय. तुला येतोय ऐकू?"

येत होता. कुठल्या बाजूला आहे ते मला कळेना. एका कानाने दिशा कळत नाही. तिने माझी हनुवटी धरून चेहरा झाडीकडे वळवला.