शुक्रवारची माती

बोम्मसंद्र्याच्या कारखान्यांमागे हणमंतरावांचं एकरभर रान होतं. कारखाने आले, विहीर आटली, आणि गेली बारा वर्षं नाल्याचं पाणीच रानाला मिळत होतं. पालक मात्र असा माजायचा की जयनगरच्या बाजारात बायका दुसऱ्याची जुडी हातात धरत नसत. फुकटचं पाणी आणि वर नाव; नाक मुरडणार कोण?

मुरडलं ते लेकीच्या डॉक्टरीणबाईंनी. कोरमंगल्याला दिलेल्या दिव्यश्रीची दोन मुलं पोटातच गेली होती. आता तिसऱ्या खेपेला पाचवा लागला होता. माहेरच्या मातीची तपासणी झाल्याशिवाय तिथलं पानही खायचं नाही, असं बाईंनी बजावलं.

म्हणून प्रयोगशाळेचा त्रिविक्रम आला. कारखान्यांच्या पाण्यातून शिशासारखे जड धातू मातीत मुरतात आणि पाल्यात चढतात, असं त्याने समजावलं. "निघालाच धातू तर सोन्याचा निघू दे," असं हणमंतराव म्हणाले आणि स्वतःच हसले. पाच जागची माती एकत्र करून ठेवायची होती. त्रिविक्रमची जीप इकडे फक्त शुक्रवारी यायची.

इथेच घोळ झाला. शुक्रवारी या घरातून मीठ नाही की दही नाही, काही बाहेर जात नसे. रानाची माती म्हणजे तर साक्षात लक्ष्मी. ती परक्याच्या हाती कशी द्यायची? तुझ्या लक्ष्मीला वार कळतो होय, म्हणून हणमंतरावांनी बायकोची थट्टा केली. अंबुबाईंनी वाद घातला नाही. बांधापलीकडच्या वारुळाची माती पिशवीत भरली आणि देऊन टाकली. माती ती माती, असं त्यांना वाटलं.

महिन्याने कागद आला. माती निर्दोष. हणमंतरावांनी तो गल्लीभर वाचून दाखवला आणि लेकीसाठी पालकाची भली मोठी जुडी बांधली. निघताना पुन्हा एकदा वाचला: रंग तांबडा, धातू नाहीत. अंबुबाईंचं लक्ष आपल्या पायांकडे गेलं. त्या नुकत्याच रानातून आल्या होत्या आणि टाचांना राखाडी चिखल लागला होता. नाल्याचं पाणी वारुळाच्या उंचवट्यावर कधी चढलंच नव्हतं.

"अहो, स्वल्प थांबा," त्या म्हणाल्या. "ती माती आपल्या रानातली नव्हती."

सगळं ऐकून हणमंतराव चिडले नाहीत. त्याचंच अंबुबाईंना जास्त वाईट वाटलं. ते जुडी बाजूला ठेवून पायरीवर बसून राहिले. गाईने मान लांबवली, तशी अंबुबाईंनी जुडी ओढून घेतली.

निरोप गेला आणि पुढच्या शुक्रवारी जीप पुन्हा दारात उभी राहिली. पिशवी हणमंतरावांच्या हातात होती, पण रिकामी.

"आज शुक्रवार आहे गं," ते खाली बघत म्हणाले. "पुढच्या वेळी देऊ."

जन्मभर वाराला हसलेला माणूस आज वाराच्या आड लपत होता. अंबुबाईंना त्यांची कीव आली. त्यांनी पिशवी हातातून काढून घेतली आणि खुरपं उचललं.

"दिव्या लग्नापर्यंत हाच सोप्पु, हाच पाला खाऊन वाढली," त्या म्हणाल्या. "रोज मीच वाढत होते. मला कळू दे."

आणि त्या पहिल्या वाफ्यात उकिडव्या बसल्या.