डॉक्टर येईपर्यंत फळीवर

मी फळी. आज तोंड उघडतेय, कारण माझ्यावर उभे राहणारे तोंड उघडत नाहीत. ते निमूटपणे टाचा टेकतात, भिंतीला हात लावतात आणि आतून बोलावणं येण्याची वाट बघत राहतात.

मी साधी आडवी फळी नाही, उतरती आहे. माझी एक बाजू जमिनीला टेकलेली, दुसरी वर उचललेली. उंच बाजूला चवडे आणि खालच्या बाजूला टाचा ठेवून माझ्यावर उभं राहिलं की पायाची पोटरी ताणली जाते. एवढंच माझं काम. यात जादू काही नाही.

माझा जन्म एका सुताराकडे झाला. कपाटाचं दार कापून उरलेला तुकडा होते मी. डॉक्टर स्वतः आले होते माप द्यायला. तेव्हा त्यांच्या दाढीत पांढरा केस नव्हता आणि दवाखान्यात पेशंट नव्हते.

"हे कशाला? चाकाची खुर्ची चढवायला?" सुताराने विचारलं.

"नाही हो, पोटरी ताणायला."

सुताराने आधी माझ्याकडे पाहिलं, मग डॉक्टरांकडे. "आणि त्यासाठी लोक घरातून निघून तुमच्याकडे येणार?"

"येतील."

"मग जरा नीट रंधा मारतो. शिव्या मला नकोत."

त्याने माझ्या पाठीवर खरखरीत कागद चिकटवला, पाय घसरू नये म्हणून. माझ्या बाबतीत डोकं वापरून केलेलं हे शेवटचं काम, असं पुढे बऱ्याचदा मनात आलं.

पण खोटं कशाला बोलू, सुरुवातीचे दिवस चांगले होते. डॉक्टर स्टूल ओढून माझ्या शेजारी बसायचे. "गुडघा सरळ. टाच उचलू नका. दुखेपर्यंत ओढू नका, ताण जाणवला की पुरे." थोडं उभं राहायचं, उतरायचं, खोलीत दोन फेऱ्या मारायच्या, पुन्हा थोडं उभं राहायचं. असं रोज थोडं थोडं, काही आठवडे.

माणसं माझ्या अंगावर उभी राहतात, त्यामुळे कोण कुठे भार टाकतो ते मला कोणत्याही मशीनआधी कळतं. पोटरी आखडलेली असली की टाच जमिनीवर मनापासून टेकत नाही. सगळं ओझं चवड्यावर. चालतानाही तेच. मग चवडे जळजळतात, घट्टे पडतात, आणि माणूस चपलेला दोष देतो. पोटरी हळूहळू मोकळी झाली की टाच आपला वाटा उचलायला लागते. मग पायही स्थिर पडतो. हे मी कितीतरी पायांत घडताना अनुभवलं आहे.

मात्र आणखी एक गोष्ट मला कळते. पोटरी फार वेळ ओढून धरली, तर सोडल्यावर ती थोडा वेळ बावरलेली असते. तिच्याकडून तोल सांभाळायचं काम लगेच नीट होत नाही. माणूस माझ्यावरून उतरताना झोकांडी खातो. डॉक्टरांनाही हे चांगलं ठाऊक होतं. "आता जरा बसा," ते म्हणायचे, "लगेच कसरती नकोत."

मग डॉक्टर प्रसिद्ध झाले.

त्यांनी पोटरीवर बोलायला सुरुवात केली, ते बोलतच राहिले. कंबर दुखते? पोटरी. झोप येत नाही? पोटरी. नवरा ऐकत नाही? तोही व्हिडिओ बहुतेक येणार होता. मागच्या खोलीत दिवे लागले, कॅमेरेवाला आला. दवाखान्यात गर्दी झाली आणि डॉक्टरांना उशीर होऊ लागला. वाट बघणारे कुरकुर करू लागले.

यावर उपाय म्हणून दुसऱ्या कुठल्याही माणसाने वेळ पाळली असती. डॉक्टरांनी खुर्च्या काढल्या. त्यांच्या जागी माझ्यासारख्या आणखी फळ्या मांडल्या आणि काउंटरवरच्या बाईंना एक वाक्य पाठ करून दिलं: "बसू नका, फळीवर उभं राहा, तेवढाच व्यायाम होतो."

वाट बघणं हाच उपचार! कुणाची तक्रार करायची सोय उरली नाही. डॉक्टर जितके उशिरा, तितकी पोटरी लांब. सोबत आलेल्यांसाठी मात्र दोन खुर्च्या ठेवल्या होत्या. म्हणजे ज्याचे पाय धड आहेत त्याने बसायचं आणि ज्याचे दुखतात त्याने उभं राहायचं. इतकी वर्षं लोक येत होते, एकानेही विचारलं नाही की हे असं का.

लोक विचारत नाहीत, चोरी करतात. कोणी टाच हळूच हवेत उचलतो. कोणी माझ्यावर आडवा उभा राहून मोबाईल बघतो. एक गृहस्थ तर बायकोला "सरळ उभी राहा" असं दटावत स्वतः भिंतीला टेकून डुलकी काढायचे. या लबाडांच्या पोटऱ्यांना कधीही काही झालं नाही. लबाडीनेच त्यांना वाचवलं.

फसल्या त्या फक्त बाई.

बाई म्हणजे शाळेतल्या पी.टी.च्या निवृत्त शिक्षिका. सगळी गल्ली त्यांना शिट्टीबाई म्हणते. जिन्यावर एकदा पाय घसरला तेव्हापासून त्यांच्या मुलाचा घोशा होता: एकटं राहणं बंद, घराला कुलूप, आमच्याकडे चल. त्याची काळजी खोटी नव्हती. पण तिच्यात त्याची सोयही बेमालूम मिसळलेली होती. दोन घरी फेऱ्या मारून तो कंटाळला होता. शेवटी मायलेकांत ठरलं की डॉक्टरांनी तोल तपासायचा. ठीक निघाला तर बाई आपल्या घरी राहणार. नाही निघाला तर सामान बांधायचं.

बाईंनी आठवडेच्या आठवडे घरी, जिन्याच्या पायरीवर चवडे टेकून, शिस्तीत पोटऱ्या ताणल्या. आणि तपासणीच्या दिवशी मुलाला आणि सुनेला घेऊन वेळेआधी हजर झाल्या.

"काकू, बसू नका, फळीवर उभं राहा—"

"कधीपर्यंत?"

"डॉक्टर बोलावेपर्यंत."

झालं. बाईंनी आयुष्यभर हजारो मुलांना हुकूम दिले होते आणि हुकूम मिळाला की तो मोडायचा नाही, हे स्वतःलाही शिकवलं होतं. त्या माझ्यावर चढल्या. पाठ ताठ, नजर समोर, टाचा अशा घट्ट की मला वाटलं खिळेच ठोकले. भिंतीला बोटही लावलं नाही.

मागच्या खोलीत डॉक्टर एकच वाक्य पुन्हा पुन्हा कॅमेऱ्याला सांगत होते: "तुमचा तोल, तुमच्या पोटरीत."

"आई, उतरा की जरा," खुर्चीवरून सून म्हणाली.

"बोलावलं का?"

"अहो, पण ते अजून दिव्यांतच आहेत."

"मग थांबायचं."

"राहू दे गं," मुलगा मोबाईलमधून डोकं न काढता म्हणाला, "व्यायामच आहे तो."

माझ्या पाठीवरच्या पोटऱ्या आधी ताठ होत्या, मग थरथरल्या, मग निमूट सैल पडत गेल्या. मला ओरडावंसं वाटत होतं. फळीला ओरडता येत नाही. ज्यांना येतं ते मोबाईल बघत होते.

अखेर डॉक्टर आले, घाम पुसत. "चला आजी!"

"आजी मी माझ्या नातवाची. तुम्ही बाई म्हणा."

बाई उतरल्या आणि त्यांचं पहिलंच पाऊल तिरकं पडलं. कुणी त्यांना एक क्षण टेकू दिलं नाही. आतल्या खोलीचं दार उघडंच असतं आणि तिथला मोठा स्क्रीन बाहेरून दिसेल असा लावलेला आहे, म्हणजे एकाचे पाय बघून दहा जण घाबरतील. बाई दाब मोजायच्या पाटावर उभ्या राहिल्या. स्क्रीनवर दोन पावलं उमटली. तोल दाखवणारी रेघ पावलांच्या मधे वेडीवाकडी पळत सुटली, कोंबडीने माती उकरावी तशी.

"चवड्यावरचा दाब मागच्या तपासणीपेक्षा छान कमी झालाय," डॉक्टर म्हणाले. "पण तोल फारच वाईट. एकटं ठेवणं धोक्याचं आहे."

"बघ आई, मी सांगत होतो," मुलगा म्हणाला. त्याच्या आवाजात दुःख होतं, सुटकाही होती.

एवढ्या ताठ बाई, पण खांदे पडले. मनातल्या मनात त्या बहुतेक घराला कुलूप लावून आल्या.

तेव्हा सून उठली. "डॉक्टर, आई त्या फळीवर किती वेळ होत्या, तुम्हाला माहीत आहे?"

"असतील थोडा वेळ."

"थोडा? तुमचं शूटिंग संपेपर्यंत. मी बाहेर बसून अख्खं मासिक संपवलं, जाहिरातींसकट."

"ताणणं चांगलंच असतं हो."

"मग तुम्हीही घ्या ना ताणून. तेवढाच वेळ. तोवर आई बसतील. मग दोघांनी पाटावर उभं राहायचं."

"अगं, काहीतरीच काय!" मुलगा पुढे झाला. "डॉक्टर आहेत ते."

"का? त्यांना पोटऱ्या नाहीत?"

बाहेर कुणीतरी फिस्सकन हसलं. डॉक्टरांनी आजूबाजूला पाहिलं. सगळ्या फळ्यांवरून सगळे लोक त्यांच्याकडे बघत होते, आणि पोटरीत तोल असतो हे सांगताना आलेला त्यांचा घाम अजून सुकायचा होता. नाही कसं म्हणणार? ते हसत हसत माझ्यावर चढले.

मग थोड्या वेळाने हसणं थांबलं. आणखी थोड्या वेळाने त्यांची टाच हळूच उचलली गेली.

"टाच!" खुर्चीवरून बाई कडाडल्या.

खोलीतल्या प्रत्येक माणसाची टाच खाली आली. डॉक्टरांचीही.

सुनेने दुसरं मासिक उघडलं. ती वाचत कमी आणि डॉक्टरांकडे बघत जास्त होती. ती "या आता" म्हणाली तेव्हा ते उतरले आणि काउंटर धरून उभे राहिले. पाटावर त्यांची रेघही कोंबडीसारखीच पळाली. मग बाई गेल्या. बसून, खोलीत फिरून त्यांचे पाय आता भानावर आले होते. रेघ थोडी हलली, पण एका जागी गोळा होऊन राहिली.

डॉक्टरांनी स्क्रीनकडे पाहिलं. "हं," ते म्हणाले. "आता ठीक दिसतंय. राहू शकतात एकट्या."

चूक झाली, असं नाही म्हणाले. तो शब्द त्यांच्या तोंडी कधी आला नाही.

"पण पुढच्या तपासणीला—" मुलाने सुरुवात केली.

"येईन ना," बाई म्हणाल्या. "माझ्या घरून येईन." आणि कुणाचा हात न धरता पायऱ्या उतरून गेल्या.

आता तुम्हाला वाटेल, दवाखाना सुधारला. सुधारला तर! दुसऱ्याच दिवशी चौकशी झाली आणि गुन्हेगार सापडला. मी! डॉक्टरांचा नवा व्हिडिओ आला: 'उतरत्या फळीचे छुपे धोके'. कालपर्यंत माझ्यामुळे सगळे रोग बरे होत होते, आजपासून सगळे रोग माझ्यामुळे होतात. सगळ्या फळ्या उचलल्या. मला मागच्या दाराला टेकू म्हणून सरकवलं. वाऱ्याने दार आपटू नये, एवढाच माझा उपयोग.

खुर्च्या मात्र परत आल्या नाहीत. आता मऊ गाद्या आणल्या आहेत. वाट बघणाऱ्यांनी त्यांवर एका पायावर उभं राहायचं. काउंटरवरच्या बाईंचं वाक्य तेच आहे, फक्त फळीच्या जागी गादी. मागच्या खोलीत दिवे लागलेले असतात. आणि लोक उभे आहेत. म्हातारे, लंगडणारे, कंबर धरलेले, सगळे एका पायावर, बगळ्यासारखे, निमूट.

माझ्यावर राग धरू नका. थोडा वेळ, रोज, बेताने उभं राहाल तर मी तुमच्या उपयोगाचीच आहे. पण कुणाच्या उशिराला तुमच्या पायांचा व्यायाम म्हणू देऊ नका. अशा खोलीत शिरलात की पोटरी नंतर ताणा. आधी काउंटरवर जा, आवाज जरा चढवा आणि खुर्ची मागा.