टाकीवरचा चौदा नंबर

मी एक जुना डबा आहे, मित्रांनो. लोणच्याचा नव्हे, बोलण्याचा! सिकंदराबादच्या पलीकडे, रुळांच्या मागे एक वस्ती आहे. तिथल्या जयवंताबाईंच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारी, लोखंडी नळीला मी अजून घट्ट बांधलेला आहे. जन्मलो तेव्हा पांढरा होतो. आता कबुतरांच्या कृपेने माझा रंग कोणाला सांगता यायचा नाही. डोक्यावर दोन अँटेना, पोटावर एक दिवा, एवढीच माझी शरीरयष्टी. पण कर्तृत्व मोठं.

एकदा माझ्यातून एक शिंक अशी जोरात गेली की दुबईतल्या माणसाने खिशातून रुमाल काढला. एकदा वीज माझ्यावर पडायला निघाली होती. मी म्हटलं, "लाइन बिझी आहे." तशी ती गुमान मागे फिरली. खोटं वाटत असेल तर टाकीला विचारा. ती माझ्या प्रत्येक गोष्टीला हो म्हणते.

पुढची गोष्ट मात्र टाकीला विचारायची गरज नाही.

तो काळ असा होता, की फोनसाठी अर्ज करून माणसं म्हातारी होत असत. मग सरकारने दारं उघडली, नव्या कंपन्या आल्या, आणि जिथे तार पोचत नव्हती तिथे आमच्यासारखे डबे पोचू लागले. शहरात आबिड्स भागात, कंपनीच्या कचेरीत आमचा थोरला बसायचा, एक भलंमोठं यंत्र. वस्तीतलं बोलणं मी हवेतून त्याच्याकडे फेकायचं, त्याने ते जगभर वाटायचं, असा आमचा कारभार.

मी यायच्या आधी वस्तीत एकच फोन होता. तो समोरच्या किराणा दुकानात, अप्पारावांच्या गल्ल्याजवळ. अप्पाराव मनाने वाईट नव्हते, पण त्यांचे कान फार मोठे होते. कोणी फोनवर बोलू लागलं की ते डाळ मोजता मोजता थांबत. जयवंताबाईंची मुलगी प्रणिता लातूरला नर्सिंग शिकत होती. तिने एकदा रडत सांगितलं, "आई, मी एका पेपरात नापास झाले." बाई रस्ता ओलांडून घरी येतात तोच दारात दूधवाला उभा. म्हणाला, "अम्मा, गम नक्को करो. अगले साल पास हो जाती बच्ची."

पुढच्या वेळी प्रणिता फोनवर एवढंच म्हणाली, "मी बरी आहे." त्याच्या पुढच्या वेळीही तेवढंच. पोरगी आपल्याशी बोलायची थांबली, हे बाईंच्या काळजाला लागलं.

"मला फोन हवा," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "दार असलेला."

नामदेवराव रेल्वेच्या कारखान्यात सुतार. त्यांनी ओसरीवर काचेच्या दाराची खोली उभी केली आणि वर पिवळी पाटी लावली. कंपनीने मात्र अट घातली होती. वस्तीला नवा सार्वजनिक फोन एकच मिळणार. डबा बसवायच्या दिवशी संध्याकाळपर्यंत तो जयवंताबाईंकडे लागला तर ठीक, नाही तर डबा अप्पारावांच्या उंच गच्चीवर जाणार आणि फोन त्यांच्या गल्ल्यावर.

मला बसवायला अनिल नावाचा तरुण इंजिनिअर आला, वरंगळचा. मित्रांनो, नवा डबा म्हणजे नवं बाळ. त्याला आधी सांगावं लागतं, की बाबा, तुझा नंबर हा, तुझा थोरला तो, आणि बाहेर जायचं ते अमक्या दारातून. एवढं पोटात गेल्याशिवाय आम्ही तोंड उघडत नाही. अनिलने मांडीवर काळा कॉम्प्युटर घेतला, त्याची वायर माझ्या पोटात खुपसली आणि तो माझ्या नंबराची वाट पाहू लागला.

नंबर येणार होता आबिड्सहून, म्हणजे अप्पारावांच्याच फोनवर! आबिड्सच्या पद्मावती मॅडमनी सांगितला, अप्पारावांनी रस्त्यापलीकडून तेलुगूत ओरडून जिन्यातल्या बाईंना दिला, "पद्नालुगु!" म्हणजे चौदा. तेवढ्यात मालगाडी आली. त्या खडखडाटात अनिलच्या कानावर काहीच पडेना. म्हणून बाईंनी खडूने टाकीवर ठळक लिहिलं, "१४", त्याकडे बोट दाखवलं आणि त्या चहा ठेवायला खाली गेल्या.

अनिलने टाकीकडे पाहिलं, टकटक केलं आणि माझं नाव माझ्या पोटात उतरलं.

आबिड्सहून थोरल्याची हाक आली, "चौदा, आहेस का?"

मी गप्प. दुसऱ्याच्या नावाने हाक आली तर ओ देणाऱ्यातला मी नाही. मीही माझं नाव सांगून पाहिलं. थोरला म्हणाला, "या नावाचं आमच्यात कोणी नाही." झालं! माझा दिवा लालभडक.

अनिलने वायर काढली, लावली. अँटेना वळवल्या. मला दोन चापट्याही मारल्या. त्या मी विसरलेलो नाही. उन्हं उतरू लागली तेव्हा त्याने घाम पुसत सांगितलं, "आंटी, डब्बा मर गया."

अप्पाराव गच्चीवर आलेच होते. "जयवंताम्मा, परेशान नक्को हो. मेरी छत ऊंची है. डब्बा उधर लगा लेते, फोन मेरे दुकान में च रहने दो."

"तुमच्या दुकानात फोन राहिला तर माझी पोरगी मुकी होईल," बाई मराठीतच म्हणाल्या. रागावल्या की त्यांना दुसरी भाषा सुचत नसे.

"क्या बोले?"

"कुछ नै. चाय पिओ."

अनिलने पाना घेतला आणि माझा पहिला बोल्ट सैल केला. स्वतःशीच पुटपुटला, "अट्ठ्यानवे, अट्ठ्यानवे करके कबसे चिल्ला रा मैं. आबिड्स वाले सुनते च नै."

चहाचा कप पुढे करता करता बाई थांबल्या. "कौन अट्ठ्यानवे?"

"ये च डब्बा. आप लिखे ना टाकी पे."

बाईंनी टाकीकडे पाहिलं. मग अनिलकडे. मग कपाळावर हात मारला. "अरे देवा! वो अट्ठ्यानवे नै रे बाबा, चौदा है! मराठी का एक, मराठी का चार! तू अंग्रेजी का नौ और आठ समझा!"

अनिल मान वाकडी करून बघत राहिला. "ये एक है? तो नौ कैसा लिखते?"

बाईंनी शेजारी "९" काढून दाखवला.

"ये तो उसका च भाई दिखता, आंटी!"

"भाई छोड, हात चलाव!"

त्याने जुनं नाव पुसलं, नवं भरलं. आबिड्सहून हाक आली, "चौदा?" आणि मी असा कडकडून "ओ" दिला की चारमिनारवरची कबुतरं उडाली. दिवा हिरवागार!

जयवंताबाई पदराला हात पुसत खाली धावल्या. काचेची खोली, आत फोन. त्यांनी दार ओढून घेतलं, कडी लावली आणि लातूरला लावला. समोरच्या दुकानात अप्पाराव डाळ हातात धरून उभे. बाईंचे ओठ हलताना दिसत होते, मग त्या रडताना दिसल्या, मग हसताना. आवाज मात्र टिचभरसुद्धा बाहेर आला नाही. बिचाऱ्या अप्पारावांनी गिऱ्हाइकाला अर्धा शेर डाळ जास्त घातली.

पुढे कितीतरी वर्षं त्या काचेमागे माणसं रांगेने येऊन मन मोकळं करून गेली. अप्पाराव स्वतःसुद्धा यायचे, बायको माहेरी गेली की! लोक म्हणायचे, "जयवंताम्माका फोन अच्छा, बात घर में च रहती." मग खिशाखिशात मोबाइल आले. खोलीत आता सायकल असते. माझा दिवा विझला, पोटात मुंग्यांनी संसार मांडला. फक्त टाकीवरचा आकडा पावसाने पुसला की जयवंताबाई धापा टाकत वर येतात, तो पुन्हा गिरवतात आणि जाताना मला पदराने एकदा पुसतात.

म्हणून सांगतो, मित्रांनो. एखादं यंत्र गप्प बसलं, एखादं माणूस ओ देईना, तर ते मेलं, बिघडलं असं लगेच म्हणू नका. पाना उचलण्याआधी आपण त्याला कोणत्या नावाने हाक मारतोय ते एकदा बघा. आणि आमच्यासारख्या म्हाताऱ्यांवर कधीतरी फडकं फिरवा.

काय म्हणता? त्या संध्याकाळी प्रणिता आईला काय म्हणाली?

शिंक सांगितली, वीज सांगितली, कबुतरंसुद्धा उडवून दाखवली. पण ते नाही सांगणार. दार लावलेलं आहे.