आधी मी आलो, मग खुबा मोडला

मी वॉकर बोलतोय. अ‍ॅल्युमिनियमचा, चार पायांचा. चार पाय असूनही स्वतःहून एक पाऊल टाकता येत नाही, तेव्हा माझा फार आदर करू नका. मीही माणसांचा करत नाही.

मला विकत आणलं एका शिंप्याने, थोरल्या बहिणीसाठी. दोघांचं मिळून एक दुकान. कापड बेतायचं-कापायचं ताईने, गिऱ्हाइकांशी गोड बोलायचं त्याने. ताईचं लिव्हर सहा वर्षांपासून खराब होत चाललेलं. दारूच्या थेंबाला ती कधी शिवली नव्हती, तरी शेजारीपाजारी संशयाने बघत, आणि भाऊ त्यांचं म्हणणं खोडून काढत नसे.

डॉक्टरांनी तिला बजावलं होतं, की लिव्हर इतकी वर्षं आजारी असलं की हाडंही आतून ठिसूळ होत जातात; तपासणी करून घ्या, औषध सुरू करू, तोवर आधार घेऊन चाला. तसं लिहिलेली डॉक्टरांची चिठ्ठी तिने भावाकडे दिली. त्यातलं सगळ्यात सोपं होतं तेवढं त्याने केलं. मला आणलं. "पोटाचं दुखणं, त्यात हाडांचा काय संबंध?" म्हणाला आणि चिठ्ठी खिशात कोंबली.

ताईने पहिल्याच दिवशी मला लाथ घातली आणि ताग्यांमागे ढकलून दिलं. मी म्हातारी नाही, म्हणाली. तेव्हापासून आमचं जमलं नाही.

तीन महिन्यांनी, भरदुपारी, कात्री घ्यायला वळताना तिचा पाय चिंध्यांत अडकला. पडली तीही सावकाश, टेबलाला धरत धरत. लहान मूल असतं तर हसत उठलं असतं. ताग्यांमागून मी फक्त आवाज ऐकला, वाळकी काटकी मोडावी तसा.

तिचं रक्त लवकर गोठेना, म्हणून खुब्याचं ऑपरेशन आठ दिवस लांबलं. भेटायला येईल त्याला भाऊ सांगे, की वॉकर आणून दिला होता, हिनेच हट्टाने वापरला नाही. मला पलंगाशेजारी उभं केलं होतं ते साक्षीदार म्हणून. ते खोटंही नव्हतं, हेच मला जास्त झोंबत होतं. मग हाडांच्या डॉक्टरांनी विचारलं, आधी तपासणी का नाही केली? आम्हाला कुणी सांगितलंच नाही, असं तो म्हणाला.

ताई भिंतीकडे तोंड करून पडली होती. तशीच बोलली, "चिठ्ठी मी तुझ्या हातात दिली होती. तू ती वाचलीस. मोठ्याने वाचलीस."

भाऊ पाणी आणायला म्हणून बाहेर गेला, तो संध्याकाळीच उगवला.

आता ती दुकानात परत आलीय. हाडांचं औषध चालू आहे. लिव्हर आहे तसंच आहे. भावाशी ती कामापुरतं बोलते. उंबरठा आला की माझे पाय आपटते, रबरं पार झिजली. मीही कुरकुरतो.

तुमच्या घरात असं कुणी असेल, तर मला आणून कोपऱ्यात उभं करायचं आणि हात झटकायचे, हा शहाणपणा करू नका. मी तोल सावरतो. पोखरलेलं हाड मला भरता येत नाही.

काल टेबल चार पावलांवर असताना ताई डगमगली. भाऊ धावत आला, हात पुढे केला.

"हात नको," ती म्हणाली. "टेप दे आणि बाजूला हो."

त्याने टेप दिला आणि तो बाजूला झाला. मला शिव्या घालत, सगळा भार माझ्यावर टाकत, ती टेबलापाशी पोहोचली.