ठीक आहे, हात लावू नका

आर्वो हेइकिलाचा फोन आला तेव्हा ब्रिटा लिंडक्विस्ट वाटाण्याचं सूप ढवळत होती. आर्वो म्हणाला, सरोवरावर वारा सुटलाय, यंदा बर्फ लवकर पडेलसं दिसतं. आणि मग, सहज आठवलं म्हणून सांगावं तसं, की हल्ली फोन जरा शांतच असतो. अमेरिकेच्या उत्तरेकडच्या या डुलुथ गावात याहून मोठं गाऱ्हाणं कोणी करत नाही. छप्पर उडालं तरी माणसं ‘थोडं मोकळं मोकळं झालंय’ म्हणतील. ब्रिटाने सुपाखालचा गॅस बंद केला आणि गाडीची किल्ली घेतली.

आर्वो सौनाच्या लोखंडी भट्ट्या बनवायचा. त्याचे आजोबा फिनलंडहून येताना हीच एक विद्या घेऊन आले होते. ऑक्टोबर लागला, की इकडच्या प्रत्येकाला घाम काढायच्या त्या लाकडी खोलीची आठवण होते आणि आर्वोचा फोन दिवसभर खणखणतो. त्या दोन महिन्यांच्या फोनवर त्याचं वर्ष निघतं. ऑक्टोबरात तो फोन शांत असेल तर म्हाताऱ्याचं काही खरं नव्हतं.

आणि ब्रिटाला हेच समजेना. दुकानांच्या वेबसाइट गूगलवर का सापडत नाहीत ते तपासणं हा तिचा धंदा, आणि आर्वोची वेबसाइट तिने एप्रिलमध्येच पुन्हा एकदा तपासली होती. भट्टीचा एक फोटो, चार ओळी, फोन नंबर. पण सौनाची भट्टी शोधणाऱ्याला पहिला आर्वोच सापडत होता. खोट काढायची म्हणून ब्रिटाने दिवसभर शोधलं, काही सापडलं नाही. शेवटी तिने तोंडावर सांगितलं, “ठीक आहे, हात लावू नका.” त्या दिवशी आर्वोने तिला इकडच्या रीतीप्रमाणे निरोप दिला होता. म्हणजे टेबलाशी एकदा, दाराशी गप्पा मारत दुसऱ्यांदा, आणि मग गाडीच्या खिडकीत वाकून तिसऱ्यांदा, भाजलेला मासा कागदात गुंडाळून आत सरकवत. जिथे जीव लागतो तिथे माणूस इथे असाच रेंगाळतो.

‘ठीक आहे’ म्हणणं या धंद्यात सोपं नाही. रोग सापडला तरच पोट भरतं, मग रोग सापडतोच. म्हणून तर ब्रिटाने आणि डार्ला वुकेलिचने मिळून तपासणीची पद्धत बसवली होती. दोघी एकाच वर्तमानपत्राच्या जाहिरात विभागात होत्या, एकाच शुक्रवारी नोकरी जाऊन घरी बसल्या, आणि पुढचे दोन हिवाळे डार्लाच्या स्वयंपाकघरात डोकं लावत बसल्या. कुठल्याही एजन्सीतल्या नवख्या माणसाने दर वेळी तीच तपासणी तशीच करावी, मनाचं काही घालू नये, हा हेतू. आधी बघायचं, दार उघडं आहे का. वेबसाइट बांधत असताना तिच्यावर आतून एक खूण ठेवतात, ‘काम चालू आहे, गूगलने बघू नये’ अशी. ती काढायची राहून गेली तर सोन्याचं दुकानही कोणाला दिसत नाही. मग गिऱ्हाईक होऊन फोनवर बघायचं. मग त्या दुकानात फोन उचलणाऱ्या माणसाला विचारायचं, लोक कोणत्या शब्दांत विचारतात. संगणकावरच्या तपासणीला हात त्यानंतर. शेवटची पायरी ब्रिटाची: काही बिघडलं नसेल तर तसं लिहायचं आणि गप्प बसायचं.

डार्लाने तेव्हा टेबलावर थाप मारून म्हटलं होतं, हीच पायरी आपली. बाकीचं कोणीही करेल. नवख्यांना शिकवायला ब्रिटाने नमुनेही जोडले होते, काही आजारी वेबसाइट, काही ठणठणीत. ठणठणीतांत पहिलं नाव आर्वोचं. त्याला विचारून घातलं होतं, आणि म्हातारा लाजून लाल झाला होता. पुढे डार्ला ती पद्धत देशभरच्या एजन्सींना विकू लागली. विकणं डार्लाने बघायचं, ब्रिटाने डुलुथच्या गिऱ्हाइकांत रमायचं, असं ठरलं. ब्रिटाने डोळे मिटून भरवसा ठेवला. मैत्रिणीच्या मांडीवर मान टाकताना कोणी डोळे उघडे ठेवतं का?

आर्वोच्या स्वयंपाकघरात बसून तिने गूगलवर शोधलं. आर्वो नव्हता. खाली नव्हता, दुसऱ्या पानावर नव्हता, कुठेच नव्हता. तिने पत्ता टाकून वेबसाइट उघडली तर वाफेत हसणारी, टॉवेल गुंडाळलेली देखणी माणसं समोर आली. ही त्याची वेबसाइटच नव्हती. तिने आतली खूण बघितली. काम चालू आहे, गूगलने बघू नये. बांधणाऱ्याने काम संपवलं, पैसे घेतले आणि दार बाहेरून बंद करून निघून गेला होता.

“हे कोणी केलं, आर्वो?”

आर्वोने फडताळातून छापलेले कागद आणून तिच्यापुढे ठेवले. पहिल्या पानावर लाल वर्तुळ आणि आत एक्केचाळीस. शंभरपैकी. खाली लिहिलं होतं, तुमची गिऱ्हाइकं रोज दुसरीकडे जात आहेत. त्याखालची वाक्यं ब्रिटाची होती, तिने एक एक तासून लिहिलेली. तळाशी होतं: तपासणीची पद्धत ब्रिटा लिंडक्विस्ट, डुलुथ. आणि दुरुस्ती करून देणाऱ्या ओहायोतल्या एका एजन्सीचा नंबर.

“मला वाटलं, तूच धाडलंस. म्हणून त्या नंबरवर फोन केला,” आर्वो म्हणाला.

“मी? मी तुम्हाला इथे, या खुर्चीत बसून सांगितलं होतं ना, ठीक आहे म्हणून?”

“सांगितलं होतंस, पोरी. पण तोंडावर वाईट कोण बोलतं आपल्यात? मी म्हटलं, भिडस्त आहे, समोर जीभ रेटली नसेल. मागाहून कागदावर खरं कळवलं.”

ब्रिटाला रडू आलं नाही, राग आला, आणि राग कोणावर काढावा ते त्या स्वयंपाकघरात सापडेना. म्हाताऱ्याने नावावर भरवसा ठेवला होता. त्यात त्याचं काय चुकलं?

डार्लाची कचेरी कालव्याजवळ होती. आत शिरल्यावर डार्लाने नेहमीसारखी आईकडच्या रीतीची, अक्रोड भरलेली गोड पावाची गुंडाळी कापून पुढे केली. ब्रिटाने कागद त्या बशीशेजारी ठेवले. डार्लाने वरचं पान बघितलं आणि सुरी खाली ठेवली. डार्ला खाणींकडच्या गावची, तिकडची माणसं तोंडावर बोलणारी; लपवाछपवी तिला जमायची नाही. किंवा निदान पकडलं गेल्यावर जमायची नाही.

“शेवटची पायरी काढली मी,” ती म्हणाली. “गेल्याच वर्षी. एजन्सीवाले म्हणाले, ‘ठीक आहे’ लिहून आमच्या चुली पेटत नाहीत. आता कुठलीच वेबसाइट साठच्या वर जात नाही. तपासणीच तशी बसवून घेतलीय.”

“आणि आर्वो? तो कुठून सापडला त्यांना?”

“पहिली पत्रं कोणाला धाडायची, विचारत होते. तुझे नमुने होते हाताशी.” डार्ला खिडकीबाहेर बघत म्हणाली, “आजारी होते त्यांचं काम कोणी ना कोणी घेतलेलंच होतं. ठणठणीतांना अजून कोणी हात लावला नव्हता.”

ब्रिटाला आधी नीट कळलंच नाही, मग कळलं. जी माणसं नीट होती म्हणून तिने कौतुकाने दाखवली, तीच वेचून घाबरवली होती. आर्वोचा पत्ता कोणी चोरला नव्हता. तो तिनेच लिहून दिला होता. कुंपणानेच शेत खाल्लं म्हणावं, तर कुंपण घालायला ती स्वतः डार्लाच्या बरोबरीने राबली होती.

“मग माझं नाव कशाला ठेवलंस खाली? तेवढं तरी काढायचंस.”

“काढलं असतं तर म्हणाली असतीस, श्रेय लाटलं.”

“डार्ला, खरं सांग.”

डार्लाने सुरी पुसून बाजूला ठेवली. मग म्हणाली, “तुझ्या नावावर लोक विश्वास ठेवतात, ब्रिटा. माझ्या नावावर कोणी उत्तर पाठवत नव्हतं.”

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच असावं. कापणारा वर आणि तुमच्या गळ्याची तारीफ करतो. ब्रिटाने नाव काढायला सांगितलं. डार्ला म्हणाली काढते, पण बाहेर गेलेल्या कागदांचं मी काय करू? ते तर खरंच होतं. निघताना डार्लाने सवयीने गुंडाळीचे काप पिशवीत भरून दिले आणि ब्रिटाने पिशवी तिथेच टेबलावर ठेवली. आवाज कोणीच चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

आर्वोच्या जुन्या वेबसाइटची प्रत ब्रिटाकडे होती. तिने ती परत चढवली, खूण काढली, गूगलला पुन्हा बोलावणं धाडलं आणि रोज सकाळी कॉफीआधी शोधून बघू लागली. पहिला बर्फ पडून गेल्यावर एकदाचा आर्वो दिसला, आणि दोन दिवसांनी आपल्या जुन्या जागी जाऊन बसला. तोवर हंगामाची मलई दुसऱ्यांनी खाल्ली होती, पण थोडं दूध शिल्लक होतं. ती त्याला सांगायला गेली.

तिने त्याला सगळं सांगितलं, डार्लाचं, काढलेल्या पायरीचं, नमुन्यांचं. काही राखून ठेवलं नाही. आर्वो मान हलवत ऐकत होता. मध्येच भिंतीवरचा फोन वाजला, कोणाला तरी नाताळाआधी भट्टी हवी होती, आणि तो मापं विचारत हसलासुद्धा. ब्रिटाला वाटलं, झालं, गाडी रुळावर आली.

तो परत येऊन बसल्यावर तिने लॅपटॉप मिटला. “आता ठीक आहे, आर्वो. हात लावू नका.”

“बरं,” आर्वो म्हणाला. त्याने टेबलावरचे पावाचे कण तळहाताने गोळा केले. “उपकार झाले हो तुमचे. एकदा दुसऱ्या कोणाला तरी दाखवून घेतो.”

आजवर तो तिला अगंतुगं करत आला होता. तिने कोट घातला. आर्वोने तिथूनच, खुर्चीत बसल्या बसल्या, निरोप घेतला. दाराशी आला नाही. गाडीत बसून ब्रिटाने सवयीने काच खाली केली. थंडगार वारा आत शिरला. ती थोडा वेळ तशीच थांबली, स्वयंपाकघरातला दिवा बघत. मग काच वर केली आणि गाडी मागे घेतली.