सकुबाईच्या गाठीचा रंग

अठ्ठ्याण्णव साली शहापूरच्या डॉक्टरांनी सकुबाईच्या छातीतली गाठ काढली, नासू नये म्हणून औषधी पाण्याच्या बाटलीत घातली आणि तिच्या नवऱ्याच्या, देवरामच्या हाती दिली. मुंबईच्या लॅबात न्यायची होती. देवराम आधी शेणव्याला घरी आला, त्याने बाटली उघडली, तर वासानेच त्याच्या डोळ्यांना धारा लागल्या. हे पाणी सकुच्या मांसाला किती झोंबत असेल, म्हणून त्या शहाण्याने ते ओतून दिलं आणि विहिरीचं निर्मळ पाणी भरलं. आता इतकी माया करणाऱ्या माणसाला कुठल्या तोंडाने बोलायचं?

पण बोलणारे बोललेच. लॅबात गाठीने हार्मोनची खूण दाखवणारा रंग धरला नाही, म्हणजे कॅन्सरवरची हार्मोनची गोळी सकुबाईला लागू नव्हती. "तुकडा नासवून आणलात," लॅबवाले म्हणाले. वर्षभरात सकुबाई गेली. एकुलत्या लेकीने, सरिताने, रागाच्या भरात बापाला तुकडा नासवल्याचं ऐकवलं. बोलून गेली खरी, पण मग वर्षानुवर्षं जीभ चावत राहिली.

पुढे ती त्याच लॅबात कामाला लागली. आईच्या गाठीचा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवून तिथल्या कपाटात जपून ठेवलेला होता. दोन हजार सातला रंगवायची नवी पद्धत आली. पॉलिमरच्या, म्हणजे लांबलचक रेणूच्या, एकेका धाग्याला रंग आणणाऱ्या द्रव्याचा केळीच्या घडासारखा लोंगरच लटकलेला. त्यामुळे पुसटातली पुसट खूणही उठून दिसायची. ती पद्धत पारखायला जुने ठोकळे काढायचे होते. सरिताने पहिला आईचा काढला. आठ वर्षांनी आई भेटत होती, तीही एवढीशी.

काचेवर हार्मोनच्या खुणेचे तपकिरी ठिपकेच ठिपके उमटले. तुकडा नासला नव्हता.

सुट्टी मिळताच ती मुंबईहून शेणव्याला माहेरी धावली. "बाबा, तुमी पाणी बदललं त्यानं काय बिघडलं नवतं. तवाची तपासणीच कच्ची होती." बापाच्या छातीवरचा धोंडा उतरेल, याच खुशीत ती होती.

देवराम म्हणाला, "मंग गोळी लागू पडली असती?"

हा प्रश्न तिच्या ध्यानातच आला नव्हता. "पडली असती बहुतेक."

"किती वरसं जगली असती?"

"नक्की नाय सांगता येत. चार-पाच. जास्तीबी."

"म्हंजे तुज्या लग्नाला असती गो."

दोष उतरला होता, पण त्याचं त्याला काहीच नव्हतं. त्याला सकु हवी होती.